भातातलं केशर

“केस नाही जी तो, केशर आहे केशर!”

आई ओरडून राहिली होती. समोर पाटावर बसलेले तिचे इवाई, म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे, भातातून ओढलेलं काहीतरी दोन बोटांत धरून उजेडाकडे बघत होते. दरेकशाहून मुद्दाम जेवायला आले होते बिचारे. आयुष्य जंगलात गेलेला माणूस, चिखलातला अर्धा ठसा पाहून कोणतं जनावर कुठून कुठे गेलं हे सांगणारा. त्यांच्या बोटांतलं केशर मुळाशी पांढरं, शेंड्याला नारिंगी, आणि दारातल्या वाऱ्यानं डुलत होतं.

“इहीनबाई,” ते शांतपणे म्हणाले, “केशर मी जनमात खाल्लं नाही, खोटं कायले बोलू. पन हे केशर आता म्यांव म्हनन वाट्टे मले.”

आणि नेमकं तेव्हाच, जणू साक्षीला बोलावल्यासारखं, आमचं नारिंगी मांजर दारातून आत आलं. पंगतीच्या मधोमध बसलं, मागचा एक पाय झेंड्यासारखा आढ्याकडे उभारला आणि पोट चाटायला सुरुवात केली. चर्र चर्र चर्र. सुताराच्या रंध्याखाली सागाची फळी जावी तसा आवाज. केशराचा एक नवा झुबका हवेत उठला, सगळ्यांच्या डोक्यावरून फिरला आणि इवायांच्या वरणात अलगद उतरला.

इवायांनी हात धुतले. पोट भरलं म्हणाले. त्यांनी खाल्लं होतं एकच घास.

ते गेले, आणि मग आईचा खरा आवाज निघाला. आईच्या आवाजाबद्दल एवढंच सांगतो की आमचं गाव गोरेगावपासून मोटारसायकलनं एक विडी संपेपर्यंतच्या अंतरावर आहे, आणि आईनं अंगणातून मला हाक मारली की गोरेगावच्या बाजारात कांदे तोलणारा माणूस तराजू खाली ठेवून “आलो!” म्हणतो.

“बांधवाली!”

ही हाक माझ्या बायकोला. ती नवेगाव बांधची, म्हणून लग्नाच्या दिवसापासून आईनं तिचं नाव वापरलेलंच नाही. आणि मांजरही नवेगाव बांधचंच. बायकोनं माहेराहून पिशवीत घालून आणलेलं, तलावाच्या मासळीवर वाढलेलं. त्यामुळे घरात काही बिघडलं की आईला दोन आरोपी एकाच गावचे मिळायचे.

“पाय, तुह्या मांजरानं माही इज्जत भातात घातली. पोरीच्या सासऱ्यानं माह्या घरी केस खाल्ला! आता येत्या बाजाराच्या दिवशी याले पोत्यात भराचं अना बांधाले पोचवाचं. झालं माहं बोलनं.”

“मंग दुसरं पोतं बी काढून ठेवा,” बायको म्हणाली. “तिच्यासंग मी बी जातो.”

बायको मोठ्यानं बोलली असती तर मला काही वाटलं नसतं. आमच्या घरात मीठ मागायचं तरी भांडल्यासारखंच मागतात. पण ती हळू बोलली, आणि बोलताना मांजराच्या डोक्यावरचा हात तिनं काढला नाही. तिच्या माहेरचं असं या घरात तेवढंच होतं. बाकी भांडी होती, पण ती काही रात्री पायाशी येऊन झोपत नाहीत. तेव्हा बाजाराच्या दिवसाच्या आत मांजर एवढं का चाटतं याचा शोध लावणं हे काम, कोणी न सांगता, माझ्या गळ्यात आलं.

आणि मांजर चाटायचं म्हणजे काय चाटायचं! सगळीच मांजरं चाटतात, अंग साफ ठेवतात, मला ठाऊक आहे. पण आमची सकाळी उठायची ती कारखाना सुरू झाल्यासारखी. जेवायची, चाटायची. उंदीर पकडायची, त्याला एका पायाखाली दाबून ठेवायची आणि आधी चाटून घ्यायची. उंदीर बिचारा वाट बघून कंटाळून घोरायला लागायचा. पोटावरचे केस तर गेलेच होते, आणि खालची कातडी अशी गुळगुळीत झाली होती की एकदा आरसा फुटला तेव्हा मी तिच्या पोटात बघून दाढी केली. उजवी बाजू जरा राहिली, कारण ती हलली.

जे केस उरले होते ते मात्र ताठ. हात फिरवला की कडकड वाजायचे. उन्हातून चालत आली की नवा कुर्ता घातलेला पुढारी येतोय असं वाटायचं. आम्ही सगळ्यांनी तो कडकडाट ऐकला आणि कुणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

पहिले तज्ज्ञ आले शेजारचे काका. हे वन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं मूळ वाघात सापडतं. दुधाचे भाव वाढले तरी त्यात वाघ असतो.

“वाघीन अशी चाटते,” काका म्हणाले, “जवा तिले शिकारीले जाचं असते. वास लपवते अंगाचा. हे मांजर काहीतरी मोठ्या शिकारीच्या तयारीत आहे गा.”

“कशाच्या?”

काकांनी गोठ्याकडे बघितलं. गोठ्यात आमची म्हैस होती. म्हशीनं काकांकडे बघितलं.

बायकोचं मत वेगळं. ती म्हणे मांजराला माहेर आठवते. “तलावाचा वारा नाही, मासोरी नाही. सकाळ-संध्याकाळ भात अना भात. जीव रमत नाही म्हनून चाटून राहिली.” हे बोलताना ती मांजराबद्दलच बोलते आहे ना, याची मी खात्री करून घेतली नाही. काही खात्र्या न केलेल्या बऱ्या.

आईचं मत एकच होतं. “नखरे. दिवसभर नट्टापट्टा. बांधाकडले सारेच असे.”

मी मोबाइल उघडला. मोबाइलनं सांगितलं पिसवा असतील, कातडीची ॲलर्जी असेल, कुठे दुखत असेल, कंटाळा असेल, भीती असेल. म्हणजे मोबाइललाही ठाऊक नव्हतं, पण त्याची सांगायची पद्धत चांगली होती. मी गोंदियाला गेलो आणि मोठ्या दुकानात मांजराचा शाम्पू मागितला. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “भैया, बिल्ली खुद दिनभर नहा रही है, और आप शाम्पू लेने आए हो?” त्याचं म्हणणं मला पटलं. मी त्याच्याकडून कपड्यांचा साबण घेतला आणि परत आलो.

मग काकांनी उपाय काढला. म्हणाले, गळ्यात असं काहीतरी घालाचं की जीभ पोटापर्यंत पोचलीच नाही पायजे. मोटरपंपात डिझेल ओतायला आणलेलं, अजून न वापरलेलं प्लास्टिकचं मोठं नरसाळं घरात होतं. काकांनी त्याची नळी कापली, कडांना कापड गुंडाळलं आणि ते मांजराच्या गळ्यात बसवलं. दिसायला छान दिसत होतं. सूर्यफुलात मांजर उगवल्यासारखं.

चाटणं थांबलं. पण ती ओरडली. आणि नरसाळ्यातून तिचा जो “म्यांऽऽव” निघाला, तो आमच्या गल्लीतून, चावडीवरून, तळ्यापलीकडच्या टोलीच्या वस्तीपर्यंत गेला. लोकांना वाटलं ग्रामपंचायतीचा भोंगा सुरू झाला. थोड्याच वेळात आमच्या अंगणात माणसं पिशव्या घेऊन उभी. “रेशनचा तांदूर आला का जी? आवाज आला म्हनून आलो.” एक म्हातारी तर लस टोचून घ्यायला बाही वर करूनच आली होती. मी नरसाळं काढलं. मांजरानं माझ्याकडे असं बघितलं की मी त्या दिवशी जेवण तिच्या आधी केलं नाही.

आता सरकारी जनावरांचा दवाखाना उरला. मांजराला पिशवीत घातलं, बायको मागे, बायकोच्या मागे आई. आई कशाला? तर डॉक्टरनं “न्या हिला बांधाला” म्हटलं तर साक्षीदार पाहिजे म्हणून. मोटारसायकलवर आम्ही तिघं आणि पिशवीत चर्र चर्र चर्र.

दवाखान्यात सगळ्या म्हशी. मांजर आमचंच. चिठ्ठी करणाऱ्यानं मान वर न करता सवयीनं विचारलं, “कितवं वेत? दूध किती देते?”

“वाटीभर पिते,” आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई मात्र हुशार निघाल्या. बारीक फणीनं मांजराचे उरलेले केस विंचरले, निघालेला कचरा ओल्या कापसावर दाबला. पिसवांची घाण असती तर कापूस लाल झाला असता; तो झाला नाही. म्हणाल्या, पिसवा नाहीत. पोट दाबून बघितलं, कुठे दुखत नाही. कान बघितले, दात बघितले. मग बोटांनी केस चोळले आणि थांबल्या. “हे केस इतके ताठ कसे? अंगाला काही लावता का? तेल, औषध, पावडर?”

“नाही,” मी म्हणालो.

“नाही,” बायको म्हणाली.

“काहीच नाही!” आई म्हणाली, आणि बाहेर बांधलेली एक म्हैस दावं तोडून गेली.

डॉक्टरीणबाईंनी कान चोळला. “मांजर एवढं चाटतं तेव्हा एक तर खाज असते, नाही तर दुखणं असतं, नाही तर मनाला ताण असतो. भीती, गोंगाट. घरात भांडणं वगैरे होतात का?”

“आमच्या घरी?” आई म्हणाली. “आमच्या घरी कोन भांडते? बांधवाली, सांग, भांडतो का आपन?”

“मी कवा भांडतो? तुमीच त्या दिवसी पाहुन्यासमोर...”

“पाहुन्यासमोर तुह्या मांजरानं केस टाकला का मी टाकला?”

“तुमी त्याले केशर म्हनलं! केशर म्हनाले मांजरानं सांगितलं होतं का?”

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. मांजर तोवर टेबलाखाली जाऊन चाटायला लागलं होतं. “कळलं मला,” त्या म्हणाल्या. “चार दिवस घर अगदी शांत ठेवा. आवाज चढवायचा नाही. आणि ती कुठे बसते, कुठे झोपते, तिच्या अंगाला काय लागतं, यावर नीट लक्ष ठेवा.”

हे दुसरं वाक्य आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात शिरलं नाही. कारण पहिल्या वाक्याचा अर्थ आई बायकोला मोठ्यानं समजावून सांगत होती.

घरी येताच शांतता सुरू झाली. आईनं स्वतः जाहीर केलं, बोटानं. आपल्यामुळे मांजर चाटत होतं असं कुणी म्हणायला नको, आणि बाजाराच्या दिवशी पोतं काढताना मन साफ पाहिजे, असं तिचं म्हणणं असावं. असावं म्हणतो, कारण ती ते कुजबुजत म्हणाली आणि आईला कुजबुजता येत नाही. नुसती वाफ येते.

आमच्या घराची शांतता गावाला सहन झाली नाही. पहिल्या दिवशी लोक दारावरून जाताना थबकले. दुसऱ्या दिवशी बोलणं सुरू झालं की भाऊहिस्से पडणार, मी एकुलता एक मुलगा असूनही. त्यानंतर शेजारणी डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि न बोलता वरण-भाताचे डबे ठेवून गेल्या, जसे दुःखाच्या घरी ठेवतात. न्हावी येऊन अंगणात हळूच खाकरला आणि डोक्यावरून हात फिरवून मला खुणेनं विचारलं, कधी येऊ? मी खुणेनं सांगितलं, कुणी गेलं नाही. तो जरा नाराजच झाला. काका येऊन माझ्याजवळ बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “सांग गा. वाघानं म्हैस नेली ना?”

सगळ्यात हाल आईचे. दाबलेला आवाज तिच्या अंगात चढायला लागला. तोंड लाल, मान फुगलेली. दिवसातून एकदा ती शेतावर जायची, धानाच्या बांधीवर उभी राहायची आणि दिवसभराचं सगळं एकदम ओरडून यायची. त्या आठवड्यात आमच्या शिवारातले बगळे उठले ते थेट बालाघाटला उतरले. तिकडच्या पाहुण्यांनी फोन करून विचारलं, तुमच्याकडे काही झालं का?

आणि मांजर? मांजर दुप्पट चाटायला लागलं. पोट आधीच गेलं होतं, आता मांड्या गेल्या, शेपटीच्या बुडखाशी गेलं. शांततेत तिचा चर्र चर्र आवाज एवढा घुमायचा की मला झोपेत आपण आरागिरणीत काम करतो असं स्वप्न पडायचं. बायकोनं आशा सोडली. तिनं कुणाला न विचारता एका पिशवीत आपल्या दोन साड्या भरल्या. मी ती पिशवी बघितली आणि बघितली नाही असं केलं. पण त्या दिवशी मला भात गेला नाही, आणि गोंदिया जिल्ह्यात माणसाला भात गेला नाही म्हणजे प्रकरण गंभीर समजायचं.

बाजाराचा दिवस उजाडला. मी तांदळाचं रिकामं पोतं झटकलं आणि मोटारसायकल सुरू करून ठेवली. आई स्वयंपाकघरात होती. पोत्यात घालायच्या आधी तिले जेवू घालाचं, उपाशी पाठवाचं नाही, अशी तिची अट होती. तीही वाफेतच सांगितलेली. म्हणून भात लवकर चढला होता. बायको मांजराला आणायला आत गेली. मी तिच्या मागे, पोतं घेऊन. आणि दारातच आम्ही दोघं थांबलो.

आता आमच्याकडे भात कसा होतो ते ठाऊक असलं पाहिजे. कुकरचा भात आई खात नाही. भरपूर पाण्यात तांदूळ शिजवायचे, मग झाकण धरून गंज, म्हणजे भाताचं पातेलं, चुलीच्या काठावर कलता करायचा आणि मांड खालच्या परातीत गाळून घ्यायचा. तो मांड घरात पाण्यासारखा असतो. मीठ घालून प्यायचा, लेकराला पाजायचा, थंडीत फुटलेल्या टाचांना चोळायचा, लुगड्याला खळ म्हणून लावायचा.

परातीशेजारची फरशी चुलीनं तापलेली. त्यावर आमचं मांजर उताणं पसरलं होतं, चारही पाय चार दिशांना. गंजातून मांड गळत होता, त्याचे शिंतोडे तिच्यावर उडत होते. आणि आई परातीत हात बुडवत होती, कोमट मांड ओंजळीत घेत होती आणि तिच्या पोटावर चोळत होती. लेकराला तेल लावावं तसा. गळ्याखाली, काखेत, शेपटीच्या बुडखाशी. आणि बोलत होती. मोठ्यानं नाही, वाफेतही नाही. आईला इतकं हळू आणि इतकं स्वच्छ बोलता येतं हे मला या वयात प्रथम कळलं.

“माही रानी. आग होते का पोटाची? थंड वाटन हो आता. तिकडं गेली का कोन लावन तुले? तलावाच्या पान्यात कोनी मांड टाकते का? भुलजो नको मले, शेंबडे.”

मांजर घुरघुरत होतं. अंगावरचा मांड वाळायला लागला, कडक व्हायला लागला, तशी ती उठली, पाय झेंड्यासारखा वर केला आणि तो मांड चाटायला लागली. चर्र चर्र चर्र.

“पाय, पुन्हा चाटून राहिली,” आई तिला म्हणाली, आणि आणखी एक ओंजळ घेतली.

बायकोनं चार दिवस कोंडलेला आवाज सोडला.

“आईऽऽऽ!”

पातेली फळीवरून पडली. काका काठी घेऊन धावत आले आणि आधी गोठ्यात गेले. न्हावी पेटी घेऊन आला. सगळी गल्ली अंगणात.

“तुमी!” बायको ओरडत होती. “तुमीच खर लावून राहिल्या तिले! माह्या मांजराचा कुर्ता करून टाकला! म्हनून कडक होते, म्हनून खाजवते, म्हनून चाटते! जितकी चाटते तितका लावता, जितका लावता तितकी चाटते! अना वरून तिलेच पोत्यात भरता?”

आई जागची हलली नाही. गंज तसाच कलता, थेंब थेंब गळत.

“कवापासून लावून राहिल्या?”

“थंडी पडली तवापासून. अंग फुटलं होतं तिचं. माह्या टाचेले लावतो, तं उरला तिले लावला.”

“मंग डॉक्टरीनबाईनं पुसलं तवा काऊन नाही सांगितलं? अंगाले काही लावता का म्हनून तीन-तीनदा पुसलं तिनं!”

“तिनं तेल पुसलं, औषध पुसलं, पावडर पुसली.” आईनं हात पदराला पुसले. “मांड कुठी पुसला? मांड काय लावनं असते?”

अंगणातल्या बायकांनी माना हलवल्या. खरंच, मांड काय लावणं असतं? त्यांच्यातल्या निम्म्या घरी जाऊन आपापल्या मांजराचं पोट बघणार हे मला चेहऱ्यावरून दिसत होतं.

त्या दिवशी दुपारी मांजराला कोमट पाण्यानं धुतलं. तीन जणांनी धरलं, माझ्या हातावर त्याचा नकाशा अजून आहे. चुलीशेजारच्या फरशीवर आईनं स्वतः लाकडाचा ओंडका ठेवला, म्हणजे तिला तिथं पसरता येऊ नये. होळीपर्यंत पोटावर नारिंगी लव आली, पावसाळ्यापर्यंत ती पुन्हा मांजरासारखी दिसायला लागली, आणि दरेकशाचे इवाई पुन्हा जेवायला आले तेव्हा भात आधी चष्मा लावून बघून मगच जेवले.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी मी दारात उभा होतो, हातात पोतं. मोटारसायकल बाहेर सुरूच होती, भडभडत. बायको मांजराला छातीशी धरून आईकडे बघत होती. आई परातीकडे बघत होती. शेवटी मीच विचारलं,

“माय, मंग या पोत्याचं काय करू?”

आईनं गंज सरळ केला, झाकण काढलं आणि भात हलवला.

“धान भर त्याच्यात.”